गाडी तुमची, पण तिची डायरी कोणाकडे? जनरल मोटर्सची गोष्ट

अमेरिकेत सिॲटलजवळ राहणाऱ्या एका माणसाकडे शेव्हर्लेची बोल्ट ही इलेक्ट्रिक कार होती. गाडी जपून चालवणारा, स्वतःच्या चुकीनं कधी अपघात नाही. तरी २०२२ मध्ये त्याच्या विम्याचा हप्ता एकदम २१ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या कंपन्यांकडे विचारलं, तर त्यांचेही दर चढेच. शेवटी एका एजंटनं सांगितलं की लेक्सिसनेक्सिस नावाच्या कंपनीकडे तुमचा एक रिपोर्ट आहे, तो मागवून बघा.

त्यानं मागवला. २५८ पानांचा निघाला. त्यातल्या १३० पेक्षा जास्त पानांवर एकच गोष्ट होती: त्यानं आणि त्याच्या बायकोनं सहा महिन्यांत गाडीतून मारलेल्या ६४० फेऱ्या. प्रत्येक फेरी कधी सुरू झाली, कधी संपली, किती अंतर कापलं, किती वेळा करकचून ब्रेक दाबला, किती वेळा झटक्यात वेग घेतला, सगळं लिहिलेलं. कुठे गेला होता, तेवढं मात्र त्या रिपोर्टमध्ये नव्हतं.

ही माहिती दिली कोणी? त्याच्याच गाडीनं. म्हणजे गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सनं, अर्थात जीएमनं.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही बातमी छापली आणि काही दिवसांतच जीएमनं ही देवाणघेवाण थांबवली. ऑगस्टमध्ये टेक्सास राज्यानं कंपनीवर खटला भरला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे एफटीसीनं, कारवाई जाहीर केली. त्या आदेशानुसार ग्राहकांचे रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांना गाडीचं लोकेशन आणि चालवण्याच्या सवयींची माहिती द्यायला जीएमला पाच वर्षं बंदी आहे.

आपण जीएमची गाडी चालवत नाही, मग आपल्याला काय त्याचं? इथेच थांबू नका. जीएमनं जे केलं त्याची मुळं फार जुनी आहेत, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या तळेगाव आणि हालोलपर्यंत येते.

गाडी बोलते कशी?

आधी तंत्र समजून घेऊ. आजच्या गाडीत एक नाही, डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात. ब्रेकचा वेगळा, इंजिन किंवा बॅटरीचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. हे सगळे एका अंतर्गत वायरिंगवरून एकमेकांशी बोलत असतात. ब्रेकच्या कॉम्प्युटरला चाकांचा वेग कळतो, म्हणून गाडी किती जोरात थांबली हे त्याला आपोआप कळतं. त्यासाठी वेगळा कॅमेरा किंवा गुप्त यंत्र लागत नाही.

या वायरिंगला आणखी एक डबा जोडलेला असतो, टेलिमॅटिक्स युनिट. तुमच्या फोनमध्ये असतं तेच यात असतं: मॉडेम, सिम, जीपीएस. फरक इतकाच की हे सिम तुम्ही घेतलेलं नसतं आणि काढूनही टाकता येत नाही. गाडीत जमलेली माहिती या सिमवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते. एफटीसीच्या म्हणण्याप्रमाणे जीएम काही गाड्यांचं लोकेशन दर तीन सेकंदांनी घेत होती.

मग ग्राहकानं परवानगी दिली नव्हती का? कागदोपत्री दिली होती. 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाचं एक फीचर होतं. तुम्ही किती छान गाडी चालवता ते बघा, बॅज मिळवा, अशा थाटाचं. ऑनस्टार ही कंपनीची कनेक्टेड सेवा सुरू करताना हेही चालू व्हायचं, आणि नोंदणीची ही पद्धत दिशाभूल करणारी होती असं एफटीसीनं म्हटलं. आपलं चालवणं विमा कंपन्यांपर्यंत पोचतंय, हे अनेकांच्या गावीही नव्हतं. आपण ॲप टाकताना 'अलाऊ, अलाऊ, अलाऊ' करत जातो ना, अगदी तसंच.

तांत्रिक बाजूनं बघितलं तर या डेटात एक मोठी गोची आहे. सर्व्हरला दिसतं 'जोरात ब्रेक दाबला'. समोर कुत्रा आला होता की पोरगं धावलं होतं, हे त्याला दिसत नाही. वेळेत ब्रेक मारून अपघात टाळणारा आणि मोबाईल बघता बघता शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा, दोघांची नोंद एकच.

दरवर्षी नवं मॉडेल: ही आयडिया फोनवाल्यांची नाही

जीएमची स्थापना १६ सप्टेंबर १९०८ ची, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातली. संस्थापक विल्यम ड्युरंट हा मूळचा घोडागाड्या बनवणारा. त्यानं ब्यूइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक अशा कंपन्या एकाच छत्राखाली आणल्या. कर्जात बुडाला, १९१० मध्ये स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला, शेव्हर्ले उभी केली, तिच्या जोरावर जीएम परत मिळवली आणि १९२० मध्ये पुन्हा बाहेर गेला. त्याच्या आयुष्यावर वेब सिरीज निघेल.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा माणूस आल्फ्रेड स्लोन. तो १९२३ मध्ये अध्यक्ष झाला. तेव्हा बाजारात फोर्डच्या मॉडेल टीचं राज्य होतं: एकच मॉडेल, वर्षानुवर्षं जवळपास तसंच, स्वस्त आणि टिकाऊ. स्लोननं वेगळा डाव टाकला. शेव्हर्लेपासून कॅडिलॅकपर्यंत खिशाला झेपेल तशी उतरंड लावली आणि दरवर्षी गाडीचं रूप बदलायला सुरुवात केली, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी बघून आपली जुनी वाटायला लागेल. शिवाय १९१९ पासूनच जीएमची स्वतःची कर्ज देणारी कंपनी होती. हप्त्यावर घ्या, जुनी द्या, नवी न्या.

ओळखीचं वाटतंय? दर सप्टेंबरला नवा फोन, ईएमआय, एक्स्चेंज ऑफर, हे सगळं गणित शंभर वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये बसवलं गेलं. १९३१ पासून सलग ७७ वर्षं जीएम जगातली सर्वांत मोठी कार कंपनी राहिली. विक्रीनंतरही ग्राहकाशी व्यवहार चालूच ठेवायचा, हे या कंपनीच्या रक्तातच आहे.

त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की विक्रीनंतर गाडीबद्दल कंपनीला जे कळतं ते मालकाला कळतं का? जीएमच्या इतिहासात मालकांना त्याचा अनुभव वारंवार कडू आला.

कंपनीला माहीत होतं, मालकाला नाही

पहिलं मोठं उदाहरण १९६० च्या दशकातल्या शेव्हर्ले कॉर्व्हेअर गाडीचं. राल्फ नेडर या तरुण वकिलानं १९६५ च्या आपल्या पुस्तकात तिच्या सस्पेन्शनवर टीका केली. कंपनीनं काय केलं? नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघड झालं आणि १९६६ मध्ये जीएमच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा आला.

दुसरं उदाहरण सॉफ्टवेअरवाल्यांनी तर पाठच करावं. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांमधला इग्निशन स्विच ढिला होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी चालत्या गाडीत किल्ली फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सर्वांत भयंकर म्हणजे एअरबॅगही बंद. म्हणजे ज्या क्षणी एअरबॅग हवी, त्याच क्षणी ती उघडायची नाही.

मालक तक्रारी करत होते. २००५ मध्ये कंपनीनं डीलरांना कळवलं की ग्राहकांना किल्लीच्या जुडग्यातून जड वस्तू काढायला सांगा. गाडी चालता चालता बंद पडणं हा प्रकार कंपनीच्या आत 'सुरक्षेचा' नव्हे तर 'ग्राहकाच्या सोयीचा' प्रश्न म्हणून नोंदला गेला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर क्रिटिकल बगला 'लो प्रायॉरिटी' लावून टिकेट मागे ढकललं.

पुढे आणखी वाईट घडलं. २००६ मध्ये एका इंजिनिअरनं सुधारित स्विचला मंजुरी दिली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. कोड बदलला, व्हर्जन नंबर मात्र जुनाच, असं समजा. याचा परिणाम असा झाला की जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्यांना फरक सापडेना, कारण कागदावर दोन्ही स्विच एकच! कंपनीचेच तपास करणारे लोक वर्षानुवर्षं गोल गोल फिरत राहिले. शेवटी जॉर्जियातल्या एका तरुणीच्या अपघाती मृत्यूच्या खटल्यात, तिच्या कुटुंबाच्या बाजूच्या तज्ज्ञानं दोन स्विच उघडून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा आतला फरक दिसला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एकदा व्हर्जन नंबर न वाढवता एक छोटा फिक्स ढकलला होता. दोन दिवस टीम डोकं खाजवत बसली आणि सीनियरनं मला चांगलं झापलं. तिथे फक्त एक रिपोर्ट चुकत होता. इथे माणसं गेली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाला, तो वाढत सुमारे २६ लाख गाड्यांपर्यंत गेला. कंपनीनं आधी १३ मृत्यू सांगितले होते. भरपाई निधीनं शेवटी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. नुकत्याच सीईओ झालेल्या मेरी बॅरा यांना संसदेपुढे उभं राहावं लागलं, १५ कर्मचारी काढले गेले आणि २०१५ मध्ये सरकारशी तडजोड म्हणून कंपनीनं ९० कोटी डॉलर मोजले. कंपनीनंच नेमलेल्या चौकशीच्या अहवालात एक शब्द आला, 'जीएम नॉड'. म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलवायची, हो म्हणायचं आणि बाहेर पडून कोणीच काही करायचं नाही.

गाडी कोणाची, याचं उत्तर कंपनीनंच दिलं होतं

जीएमनं १९९६ मध्ये ईव्ही१ ही इलेक्ट्रिक कार आणली. टेस्ला तेव्हा जन्मालाही आली नव्हती. चालवणारे तिच्या प्रेमात होते. पण १,११७ गाड्यांपैकी एकही ग्राहकांना विकली नाही, फक्त लीजवर दिली. पुढे कंपनीनं प्रकल्प बंद केला, गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. लोक विकत घ्यायला तयार होते, काहींनी कॅलिफोर्नियात धरणंही धरलं. पार्ट मिळणार नाहीत आणि जबाबदारी आमच्यावर येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं. थोडक्यात, गाडी तुमच्या दारात, चावी तुमच्या हातात, पण शेवटचा शब्द कंपनीचा.

त्याच १९९६ मध्ये ऑनस्टारही सुरू झालं. ही सेवा खरोखर चांगली आहे हे मान्य करायला हवं. अपघात झाला की गाडी आपोआप कॉल करते, चोरी झाली तर सापडते. पण तिचा जीव नेटवर्कमध्ये. अमेरिकेत २००८ मध्ये ॲनालॉग मोबाईल नेटवर्क बंद झालं आणि जुन्या गाड्यांमधलं ऑनस्टार कायमचं गप्प झालं. २०२२ मध्ये थ्रीजी गेलं, तेव्हा पुन्हा तेच. गाडी पंधरा वर्षं चालते, मॉडेमचं आयुष्य त्याहून कमी.

२०१५ मध्ये अमेरिकेत एक वाद झाला: मालकाला आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीसाठी हात घालता यावा का? जीएमनं विरोध केला. युक्तिवाद असा की गाडीची मालकी आणि तिच्यातल्या सॉफ्टवेअरची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. सरकारनं शेवटी दुरुस्तीला सूट दिली. पण कंपनी काय विचार करते हे त्या युक्तिवादातून स्वच्छ कळलं.

आता २०२३ चा निर्णय बघा. जीएमनं जाहीर केलं की पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांत ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो मिळणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेरी बॅरा यांनी सांगितलं की पुढे पेट्रोल गाड्यांतूनही हे जाईल. कंपनीचं कारण: बॅटरी, चार्जिंग स्टेशन आणि मॅप यांचा मेळ आमच्याच सिस्टीममध्ये नीट बसतो. यात तथ्य आहे. फोनला गाडीच्या बॅटरीचं सगळं कळत नाही. पण २०२१ मध्ये याच कंपनीनं गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की २०३० पर्यंत सॉफ्टवेअर आणि सेवांमधून वर्षाला २० ते २५ अब्ज डॉलर मिळवू. स्क्रीनवर तुमचा फोन असेल तर ते पैसे कसे येणार? योगायोग म्हणजे कारप्लेशिवाय आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक, ब्लेझर ईव्ही, हिची विक्री डिसेंबर २०२३ मध्ये सॉफ्टवेअरच्या गडबडींमुळेच काही महिने थांबवावी लागली.

एक बाजू कंपनीच्या पदरातही टाकायला हवी. बोल्टच्या बॅटरीत आगीचा धोका निघाला, तेव्हा मालकांचे हाल झालेच: गाडी घराबाहेर लावा, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, दुसऱ्या गाडीपासून ५० फूट लांब ठेवा, अशा सूचना. पण २०२१ मध्ये जीएमनं सुमारे १,४२,००० गाड्या, म्हणजे तोवर विकलेल्या सगळ्या बोल्ट परत बोलावल्या आणि सदोष बॅटऱ्या फुकट बदलायला घेतल्या. त्यामुळे काही जुन्या मालकांना आधीपेक्षा मोठी बॅटरी मिळाली आणि ते आज खुश आहेत. दोष उघडपणे सांगितला की मालक पुन्हा विश्वास ठेवतो, हे कंपनीलाही ठाऊक आहे.

तळेगाव आणि हालोल

जीएमचा आपल्याशी संबंध फार जुना. १९२८ मध्ये कंपनीनं मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, ती १९५४ पर्यंत चालली. पुन्हा आली १९९० च्या दशकात, गुजरातमधल्या हालोलला. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावचा कारखाना सुरू झाला. स्पार्क, बीट, क्रूझ आणि अर्थातच टवेरा. लग्नाचं वऱ्हाड असो की शिर्डीची ट्रिप, टवेरात न बसलेला माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल.

तीच टवेरा २०१३ मध्ये बातमीत आली. कंपनीनं १.१४ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण प्रदूषणाच्या तपासणीत गोलमाल झाला होता. कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून तपासणीच्या गाड्यांत बसवली जात होती. पुन्हा तेच: आत काय चाललंय ते कंपनीतल्या लोकांना माहीत, मालकाला नाही.

मे २०१७ मध्ये जीएमनं भारतात विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस देत राहू असं सांगितलं, पण रीसेल किंमत एका बातमीनं कोसळते, तिला आश्वासन पुरत नाही. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगारांचा लढा बराच काळ चालला.

आता गंमत बघा. हालोलचा कारखाना एमजीकडे गेला. २०१९ मध्ये तिथूनच एमजी हेक्टर आली, अंगावर 'इंटरनेट इनसाइड' लिहून, आत सिम घेऊन. तळेगावचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं २०२३ मध्ये केला आणि ह्युंदाईच्या गाड्याही २०१९ पासून ब्लूलिंक घेऊन येतात. या कंपन्यांनी जीएमसारखं काही केलंय असं मी म्हणत नाही. पण जी सोय अमेरिकेत ऑनस्टारच्या रूपानं आली, ती इथल्या रस्त्यावर कधीच पोचली आहे.

विम्याचंही तसंच. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयनं 'जसं चालवाल तसा हप्ता' या प्रकारच्या विम्याला परवानगी दिली. नीट चालवणाऱ्याला त्यात खरंच फायदा होऊ शकतो. अट एकच, की तुम्ही समजून उमजून त्यात गेलात पाहिजे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती स्पष्ट आणि ठराविक कारणासाठी हवी, आणि दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. त्याचे नियम टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. तोवर आपलं आपण बघायचं.

मग करायचं काय?

• डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समनच्या हातात फोन देऊन 'तुम्हीच ॲप चालू करून द्या' असं म्हणू नका. नोंदणी स्वतः करा. ड्रायव्हिंग स्कोअर, बॅज असं काही दिसलं तर ते कोणाला दिसणार हे आधी वाचा.

• कनेक्टेड सेवा किती वर्षं फुकट आहे आणि ती संपल्यावर नेमकं काय बंद पडतं, हे लेखी मागा.

• सेकंड हँड गाडी घेताना जुन्या मालकाचं अकाउंट गाडीतून निघालंय का ते तपासा. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याच्या फोनवर दिसत राहील.

• गाडी विकताना फॅक्टरी रीसेट करा. फोन विकताना करता तसंच. कॉन्टॅक्ट्स, घरचा पत्ता, कॉल हिस्ट्री सगळं त्या स्क्रीनच्या मागे साठलेलं असतं.

• विमा काढताना 'चालवण्याच्या सवयींवर सूट' असं दिसलं तर दोन प्रश्न विचारा: माहिती कोण गोळा करतं, आणि स्कोअर खराब आला तर हप्ता वाढतो का?

शोरूममध्ये आपण मायलेज विचारतो, सनरूफ उघडून बघतो, स्क्रीन किती इंची ते विचारतो. सिॲटलच्या त्या माणसाला आपल्या गाडीबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट २५८ पानं हातात आल्यावर कळली. तुम्ही ती बुकिंगची रक्कम भरायच्या आधीच विचारा.